दलघमीत न मावणारा काठ

पावसाळा लागला की लातूर-नांदेडच्या वर्तमानपत्रांत एक तक्ता रोज छापून येऊ लागतो. धरणाचं नाव, उपयुक्त साठा, टक्केवारी. मांजरा १७६.९६ दलघमी (दशलक्ष घनमीटर), विष्णुपुरी ८०.७९ दलघमी. पूर्ण भरल्यावरचे हे आकडे इथल्या ऊसवाल्याला, नळाच्या पाळीची वाट पाहणाऱ्या घराला, पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला तोंडपाठ असतात. लातूरच्या आठ मध्यम प्रकल्पांची नावंही लोक एका दमात सांगतात: तावरजा, व्हटी, रेणापूर, तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी, मसलगा. ज्या भागाने पाण्यासाठी एवढं सोसलं, त्याने पाणी थेंबाथेंबाने मोजावं हे रास्तच आहे. पण या तक्त्यातून पाण्याचं एकच रूप दिसतं, ते म्हणजे भिंतीआड किती साठलं. फुगवट्याच्या शेवटाला जिथे पाणी गुडघाभर, मग घोटाभर, मग नुसती ओल आणि पुढे हिरवळ होत जातं, तो पट्टा कुठल्याच रकान्यात येत नाही. पाणथळीचं जिवंतपण मात्र सगळ्यात जास्त तिथेच असतं.

पाणथळ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ठाण्याची खाडी, कोकणातली कांदळवनं किंवा ओडिशाचं चिल्का येतं. मराठवाडा येत नाही. दुष्काळाच्या बातम्यांनी या प्रदेशाची जी प्रतिमा घडवली आहे तिच्यात चिखल, लव्हाळा आणि करकोचे यांना जागा नाही. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी जो आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ज्यात भारत १९८२मध्ये सामील झाला, त्याची व्याख्या मात्र फार मोकळी आहे. दलदल असो वा उघडं पाणी, नैसर्गिक असो वा माणसाने केलेलं, बारमाही असो वा हंगामी, वाहतं असो वा साचलेलं, गोडं असो वा खारं, ते सगळं पाणथळीत मोडतं. या मापाने पाहिलं तर नांदेड आणि लातूर हे पाणथळींचे जिल्हे आहेत. फक्त त्या जवळजवळ सगळ्या माणसाने बांधलेल्या आहेत, आणि वर्षातले काही महिनेच पूर्ण रूपात असतात.

याचं कारण इथल्या दगडात आहे. लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर, काळ्या बसाल्टवर बसलेला. बसाल्टमध्ये नैसर्गिक सरोवर क्वचितच तयार होतं. लोणारसारखं एखादं झालं ते आकाशातून आलेल्या दगडामुळे. पाणी उतारावरून पळतं आणि मांजरा, तेरणा, तावरजा, घरणी, तिरू, मन्याड, लेंडी अशा नद्यांतून थेट किंवा वळणावळणाने गोदावरीला मिळतं. या नद्यांत पूर्वी साचलेलं पाणी असायचं ते डोहांत. प्रवाह आटला तरी डोह टिकायचा आणि मासे, कासवं, पाणसाप, गावची गुरं सगळी त्याच्या आधाराने उन्हाळा काढायची. नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, जमीन बदलते. काळा बसाल्ट संपतो आणि त्याच्याखालचा जुना ग्रॅनाइट वर येतो. लालसर माती, गोल धोंडे, सौम्य उतार. तिथून तेलंगणाचा तलावांचा प्रदेश सुरू होतो. १९४८पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद संस्थानात होता. राज्यांच्या सीमा नंतर आल्या. पाण्याची घडण त्यांच्याआधीची आहे.

तलाव बांधण्याची परंपरा त्याहूनही जुनी. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला किल्ल्याच्या जवळ राष्ट्रकूटकाळातला तलाव आहे, जगत्तुंग समुद्र. ज्या काळात हे गाव राष्ट्रकूटांचं मोठं केंद्र होतं, त्या काळात एवढं पाणी अडवून त्याला समुद्र म्हणण्याची हिंमत इथल्या राज्यकर्त्यांनी केली. किल्ल्याचा खंदक आणि हा तलाव यांचा एकत्र विचार केला तर हजार वर्षांपूर्वी या कोरड्या मुलखात पाण्याचं जे नियोजन झालं त्याची कल्पना येते. लोक किल्ला पाहायला येतात, कमानींसमोर छायाचित्रं काढतात आणि तलावाकडे पाठ फिरवून निघून जातात, याची मला फार खंत वाटते. हजार वर्षं जुनी मानवनिर्मित पाणथळ हा या जिल्ह्याचा पुरातत्त्वीय आणि पर्यावरणीय असा दुहेरी वारसा आहे.

त्यानंतरची मोठी भर विसाव्या शतकापासूनची. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लोकांनी घाम गाळून पाझर तलाव खोदले. मन्याडवर बारूळ आणि लिंबोटीची धरणं झाली, मांजरेवर धनेगावचं, गोदावरीवर नांदेडच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचं. पैनगंगेवरच्या इसापूरच्या पाण्यावर अर्धापूरची केळी उभी राहिली. धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा झाला आणि त्याच्या दरवाजांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१३च्या निकालाने १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचं ठरलं. त्या बंधाऱ्यापर्यंत तेलंगणातल्या श्रीरामसागरचा फुगवटा येऊन टेकतो. म्हणजे एका राज्याच्या धरणाचा काठ दुसऱ्या राज्याच्या शेतांत आहे. खाली कंदकुर्तीला मांजरा गोदावरीला मिळते. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावून तीन राज्यांतून फिरलेली ही नदी ७२४ किलोमीटरचा प्रवास करून पुन्हा नांदेडच्या वेशीवर येते.

यातलं एकही पाणी पक्ष्यांसाठी अडवलं नाही. तरीही ते आले, आणि दरवर्षी येतात.

या तलावांचं वर्ष कसं चालतं ते नीट पाहिल्याशिवाय त्यांच्या संरक्षणाची चर्चा पोकळ राहते. भाद्रपद-अश्विनात तलाव भरतो तेव्हा पाणी सभोवतीच्या गवतात, तरवडाच्या झुडपांत, बांधाच्या खाचांत शिरतं. बुडालेलं गवत कुजू लागतं, त्यावर शेवाळ धरतं, शेवाळावर डोळ्यांना न दिसणारे प्लवक जीव वाढतात. पहिल्या पुराबरोबर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढून याच उथळ पाण्यात अंडी घालतात. मरळ तर पाणवनस्पती बाजूला सारून घरटं करते आणि पिलं मोठी होईपर्यंत त्यांच्याभोवती पहारा देते. पाणी खोल असेल आणि कडा सरळ उभी असेल तर यातलं काहीच घडत नाही. धरणाच्या भिंतीपाशी तीस फूट पाणी असतं, पण तिथे जगण्याची गर्दी नसते. ती गर्दी शेपटाकडे असते.

कार्तिकापासून पाणी उतरू लागतं. कालवे सुटतात, पंप चालतात, ऊन आणि वारा आपला वाटा घेतात. दररोज चिखलाची एक नवी पट्टी उघडी पडते आणि तिच्यात किड्यांच्या अळ्या, गोगलगाई, शिंपले असतात. नेमक्या याच वेळी हिमालयापलीकडून पाहुणे उतरतात. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाटेवर ३० देश येतात आणि १८२ जातींचे स्थलांतरित पाणपक्षी ती वापरतात. दख्खनचे तलाव हे त्या वाटेवरचे मुक्काम आहेत. चक्रवाक जोडीने काठावर बसतात. पट्टकादंब दिवसा पाण्यात विसावतात आणि अंधार पडला की कोवळ्या हरभऱ्यात, गव्हात चरायला जातात. शेतकऱ्याचा त्यांच्यावरचा राग मला समजतो. तुतारी, शेकाट्या, पाणलावे प्रत्येक जण आपापल्या चोचीच्या लांबीप्रमाणे चिखलाचा वेगळा थर खणतो. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगाई फोडतो, चमचा पक्षी पाणी डावी-उजवीकडे चाळतो, चित्रबलाक अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून मासा शिवण्याची वाट पाहतो. लव्हाळ्यात आणि पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या असतात. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी थव्याने पोहतात. मराठी माणसाने या पक्ष्याला हे नाव किती मायेने दिलं असेल! एवढे सगळे एकाच तलावावर भांडण न करता जेवू शकतात ते पाण्याची खोली इंचाइंचाने बदलते म्हणून. उतार सौम्य असेल तरच ही पंगत बसते.

माघ-फाल्गुनात पाणी आणखी मागे जातं आणि मग माणूस त्या जमिनीवर उतरतो. बुडीत क्षेत्रातून उघड्या पडलेल्या जमिनीला इथे गाळपेर म्हणतात. ती ठेक्याने कसायला दिली जाते. दुष्काळाच्या वर्षांत सरकारने ती चारापिकांसाठी नाममात्र भाड्याने दिली आहे. गाळाची ओल धरून विनापाण्याचा हरभरा, ज्वारी, मका येतो. नद्यांच्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लागतात. भोई आणि कोळी कुटुंबं उरलेल्या पाण्यात जाळी टाकतात. गुरं ओल्या गवतावर चरतात, त्यांच्या मागे गायबगळे. वैशाखात नदीपात्रातल्या वाळूच्या बेटांवर नदीसुरय आणि आर्ली उघड्यावर अंडी घालतात. मग मृगाचा पाऊस येतो आणि सगळं पुन्हा पाण्याखाली जातं.

हे चक्र म्हणजेच इथली पाणथळ परिसंस्था. पाणी वर्षभर एकाच पातळीला राहिलं तर ती मरेल, आणि एका महिन्यात उपसून टाकलं तरी मरेल. तिचं आयुष्य हळूहळू उतरणाऱ्या पाण्यात आहे.

एवढं सगळं पक्ष्यांच्या आणि माशांच्या कौतुकापुरतं असतं तरी जपण्याजोगं होतं. पण हा उथळ पट्टा लातूर-नांदेडच्या माणसाचं रोजचं काम करतो, आणि ते काम आपण कधी हिशेबात धरलं नाही. पाणलोटातून पावसाबरोबर येणारी माती काठावरच्या गवतात आणि पाणकणसात अडते. तिथे अडली नाही तर थेट धरणाच्या पोटात जाते आणि साठवणक्षमता खाते. मांजरा धरणाचा मृत साठा ४७.१३ दलघमी धरलेला आहे. तो गाळासाठीच सोडलेला असतो, पण गाळ काही मृत साठ्याची हद्द पाळत नाही. ऊस आणि सोयाबीनच्या शेतांतून येणारं नत्र आणि स्फुरद पाणवनस्पती शोषून घेतात. दलदलीच्या प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू नायट्रेटचं नत्रवायूत रूपांतर करतात. शुद्धीकरण केंद्राच्या आधी होणारं हे पहिलं शुद्धीकरण आहे आणि त्याचं बिल येत नाही.

तिसरं काम भूजलाचं. बसाल्टचा वरचा झिजलेला थर, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या किंवा मुरूम म्हणतात, तोच पाणी धरतो. त्याखाली पाषाण. या थरात पाणी सावकाश मुरतं, म्हणून त्याला सावकाश उभं राहणारं पाणी लागतं. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव सहा महिने ओला राहिला तर खालच्या विहिरी चैत्रापर्यंत जगतात. तो कोरडा पडला की लोक बोअर घेतात, बोअर सातशे-आठशे फुटांवर जातं, आणि जे पाणी लागतं ते मागच्या पिढ्यांच्या पावसाचं असतं.

चौथं काम पुराचं. सप्टेंबर २०२१मध्ये मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठचं सोयाबीन पाण्यात गेलं. त्याच लातूरला त्याच्या पाच वर्षं आधी रेल्वेने पाणी आलं होतं. नदीच्या काठचा सखल पट्टा, जिथे पूर पसरून थकतो, तो आपण उसाखाली, वीटभट्ट्यांखाली आणि शहरांत प्लॉटिंगखाली आणला. पाण्याला पसरायला जागा उरली नाही की ते उंच होतं आणि वेगाने येतं. ऑगस्ट २०२५मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरातल्या हसनाळ, रावणगाव या गावांत ढगफुटीच्या रात्री पाणी शिरलं आणि माणसं गेली. धरणाच्या काठावर राहणारी, पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं डोक्यावर घेऊन जगणारी ही माणसं आहेत. पाणथळीच्या काठाचा विचार करताना ती पहिली आठवली पाहिजेत. ज्यांची जमीन बुडवून हे तलाव झाले, त्यांना वगळून तलावांचं संरक्षण करू पाहणं अन्यायाचं होईल आणि ते टिकणारही नाही.

आता २०१६कडे वळू. मांजरा धरण कोरडं पडलं, लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. देशभर ती बातमी झाली. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी एक मोठं काम केलं. जलयुक्त लातूर या नावाने लोकवर्गणी जमली, व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक सगळे एकत्र आले आणि साई ते नागझरी या भागातलं मांजरेचं सुमारे १८ किलोमीटरचं पात्र खोल-रुंद केलं. संकटात शहराने दाखवलेल्या त्या एकजुटीबद्दल मला मनापासून आदर आहे. शेवटी पाऊस आला आणि पात्र भरलंही.

पण त्या यशाने एक समजूत पक्की केली: पाणी म्हणजे खोली, आणि खोली म्हणजे जेसीबी. आधी जलयुक्त शिवार आणि मग गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनांमध्ये ही समजूत गावोगाव पोचली. गाळ काढणं चूक नाही. पूर्वी गावं बैलगाडीने तळ्याचा गाळ शेतात नेतच होती, आणि तो गाळ शेताला सोन्यासारखा लाभतो. चूक आहे ती गाळ कुठून आणि कसा काढायचा यात. यंत्राला सोयीचा असतो काठ. ट्रॅक्टर तिथे सहज पोचतो, चिखल सुकलेला असतो. म्हणून आधी खणला जातो तोच उथळ, सुपीक, जिवंत पट्टा. उतार जाऊन सरळ कापलेली कडा येते. लव्हाळा मुळासकट उपटला जातो. कधी गाळ संपून मुरूम लागला तरी खणणं थांबत नाही, कारण मुरुमाला रस्त्याच्या कामावर भाव आहे. तक्त्यात साठा वाढलेला दिसतो. मरळीला घरटं करायला जागा उरत नाही, चिखलपायी पक्ष्यांना उभं राहायला जागा उरत नाही, आणि गुरांना पाण्यापर्यंत उतरायला वाट उरत नाही. पुढच्या पावसाळ्यात काठावर माती अडवणारं काही नसल्यामुळे गाळ आणखी वेगाने आत येतो.

नदीपात्रांत हेच वाळूच्या निमित्ताने होतं. गोदावरी आणि मांजरेच्या वाळूचा उपसा हा नांदेड जिल्ह्याचा जुना घाव आहे. वाळू ही नदीची स्वतःची पाणथळ आहे. ती ओल धरते, पाणी गाळते, उन्हाळ्यात पात्राखालून प्रवाह चालू ठेवते. वाळू गेली की उघडा खडक उरतो आणि काठच्या विहिरी उतरतात. नदीसुरय हा आता जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला जाणारा पक्षी आहे, आणि तो बहुतेकदा वाळूच्या बेटांवर अंडी घालतो.

नांदेड शहराजवळ गोदावरीची गोष्ट वेगळी आणि जास्त दुखरी आहे. विष्णुपुरीच्या बंधाऱ्याने वर पाणी थांबतं, शेजारीच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. खाली शहरातून जाताना नदीला मिळतात ते नाले. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमध्ये रोज पहाटेच्या आधी सेवेकरी गोदावरीवरून गागर भरून आणतो आणि त्या पाण्याने तख्ताचं स्नान होतं. शतकानुशतकं चालत आलेली ही सेवा नदीवरचा केवढा विश्वास सांगते! त्याच नदीचा सोमेश्वर मंदिरापासून राहेरपर्यंतचा, म्हणजे नाशिकपासून नांदेड जिल्ह्यापर्यंतचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित पट्ट्यांत धरला आणि त्यातही सगळ्यात वरच्या प्राधान्यात ठेवला. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद मिळालं की जलपर्णी फोफावते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. पाण्यावर तिची चटई पसरली की खाली उजेड जात नाही, प्राणवायू संपतो, मासे वर येऊन मरतात. दरवर्षी यंत्र लावून जलपर्णी काढण्याचं कंत्राट निघतं. नाला वळवून शुद्ध केल्याशिवाय ती दरवर्षी परत येणार, कारण तिचं अन्न आपण रोज नदीत सोडतो.

काठांवरची बेशरम, पाण्यातली चिलापी आणि बंदी असूनही चोरून पाळला जाणारा परदेशी मागूर हे आणखी तीन परके. त्यांनी स्थानिक वनस्पती आणि माशांची जागा किती घेतली हे जुन्या भोयांना विचारावं.

आता कायदा. इथे मराठवाड्याच्या पदरी सगळ्यात मोठी निराशा येते. २०१०मध्ये केंद्राने पाणथळ संवर्धनाचे नियम केले, २०१७मध्ये ते बदलून नवे आणले. नव्या नियमांत अधिसूचित पाणथळीवर अतिक्रमण, भराव, उद्योग, घनकचरा, अशुद्ध सांडपाणी यांना मनाई आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. हा नियम आपल्या फुगवट्याच्या काठांना लागू झाला असता तर निम्मं काम झालं असतं. पण व्याख्येतच एक दार बंद केलं आहे. नदीपात्रं, भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे पाणथळीत मोडत नाहीत. म्हणजे रामसरच्या व्याख्येत जे पाणथळ आहे, ते भारतीय नियमांत नाही. ज्या प्रदेशात नैसर्गिक सरोवरंच नाहीत आणि जवळजवळ प्रत्येक तलाव सिंचनासाठी किंवा पिण्यासाठी बांधला आहे, त्याच्या वाट्याला या व्याख्येतून जवळपास काहीच येत नाही. मांजरा, तिरू, देवर्जन, बारूळ, लिंबोटी, विष्णुपुरी, सगळे बाहेर. गोदावरीचं आणि मांजरेचं पात्रही बाहेर.

दुसरीकडे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रहाच्या साहाय्याने जो राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह केला, त्यात जलाशय आणि तलाव मोजलेले आहेत. त्याच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षणाची तत्त्वं लागू ठेवायला सांगितलं. नव्या मोजणीत ही संख्या २,३१,१९५ झाली, आणि डिसेंबर २०२४मध्ये न्यायालयाने राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती पूर्ण करायला बजावलं. जिल्ह्याच्या पातळीवर हे काम महसूल, वन, जलसंपदा आणि भूमी अभिलेख यांनी मिळून करायचं आहे. मराठवाड्यातल्या जलसंपदा विभागाकडे प्रत्येक धरणाच्या बुडीत क्षेत्राचे नकाशे आहेतच; त्यासाठी सीमेचे दगडही रोवलेले असतात. अडचण आहे ती इच्छेची.

मानवनिर्मित पाण्याला संरक्षण देता येत नाही, हा युक्तिवाद महाराष्ट्रातच खोटा ठरलेला आहे. जानेवारी २०२०मध्ये राज्याचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं नांदूर मध्यमेश्वर म्हणजे दुसरं काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ सिंचनासाठी बांधलेला बंधारा. तो गाळाने भरत गेला, उथळ झाला, बेटं तयार झाली आणि पक्ष्यांनी ती जागा आपली केली. अभियंत्याच्या हिशेबात जे नुकसान होतं तेच निसर्गाच्या हिशेबात सरोवर ठरलं. १९८६मध्ये तिथे अभयारण्य झालं. त्याच वर्षी पैठणच्या नाथसागरालाही पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि त्यामुळे जायकवाडीचं सिंचन थांबलं नाही. दोन्ही ठिकाणं गोदावरीवरचीच. त्याच गोदावरीवर खाली नांदेड आहे. देशात रामसर स्थळं नव्वदीच्या पुढे गेली. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी एवढी तीनच, आणि मराठवाड्यात एकही नाही.

सीमेपलीकडे तेलंगणाने २०१५मध्ये मिशन काकतीय सुरू केलं आणि ४६ हजारांहून अधिक जुने तलाव दुरुस्तीसाठी घेतले. त्या कामाच्या मर्यादा आहेत, गाळाचा हव्यास तिथेही झाला. पण तलावांची यादी, त्यांची साखळी आणि लोकांचा त्यांच्याशी असलेला संबंध तिथे राज्याच्या धोरणाच्या मध्यभागी आला. देगलूर-बिलोलीचे तलाव त्याच ग्रॅनाइटवरचे, त्याच वंशाचे असूनही आपल्याकडे ते पाटबंधारे विभाग आणि जिल्हा परिषद यांच्यात वाटले गेले, आणि पाणथळ म्हणून त्यांचा वाली कुणीच झाला नाही.

संरक्षण म्हणजे तारेचं कुंपण घालून गावाला बाहेर काढणं, असं मी मानत नाही. या दोन जिल्ह्यांत ते शक्य नाही आणि योग्यही नाही. इथे पाणी पिण्यासाठी, शेतीसाठी लागणारच. प्रश्न काठाचा आहे, आणि काठ सांभाळायला दलघमीतलं फारसं काही सोडावं लागत नाही. प्रत्येक तलावाच्या शेपटाकडचा थोडा भाग गाळ काढण्यातून कायम वगळता येईल. गाळ घ्यायचा तो मधल्या आणि भिंतीकडच्या भागातून, उतार राखून, मुरूम लागला की थांबून. गाळपेरीच्या ठेक्यात रासायनिक खत-औषधांना मनाई घालता येईल; ओलीवरच्या हरभऱ्याला त्यांची गरज फार कमी असते, आणि पुढच्या पावसात तेच पाणी लातूरच्या नळाला येणार असतं. मच्छीमार सोसायट्यांना रोहू-कटल्याच्या बीजाबरोबर मरळीसारख्या स्थानिक माशांसाठी विणीच्या काळात काठ बंद ठेवायला सांगता येईल, आणि त्या बदल्यात ठेक्याची रक्कम कमी करता येईल. भोई समाजाइतकं तलावाचं ज्ञान कुठल्याच खात्याकडे नाही. जिल्हा पातळीवरच्या समित्यांत त्यांचा माणूस असलाच पाहिजे. पट्टकादंबांनी हरभरा खाल्ला तर रानडुकराच्या नुकसानीसारखी भरपाई का मिळू नये?

आणि मोजणी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते, तिच्यात कुणीही शिकून भाग घेऊ शकतो. या दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, तलावांच्या प्लवकांवर आणि माशांवर तिथे प्रबंध लिहिले जातात आणि कपाटात राहतात. तेच विद्यार्थी दर जानेवारीत आठ मध्यम प्रकल्पांवर उभे राहिले, तर दहा वर्षांत राज्य पाणथळ प्राधिकरणासमोर ठेवायला आपल्याकडे भक्कम पुरावा असेल.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर माझं उत्तर कंधार हे आहे. तिथला तलाव आजच्या कुठल्याही सिंचन खात्याने बांधलेला नाही, राष्ट्रकूटांचा आहे. त्यामुळे २०१७च्या नियमांतली सिंचन प्रकल्पाची पळवाट त्याला लावणं अवघड जाईल. हद्द मोजून, सांडपाणी वळवून, काठ राखून त्याची अधिसूचना काढावी असा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य प्राधिकरणाकडे जाऊ शकतो. तो पाठवायला नगरपरिषदेचा एक ठराव आणि भूमी अभिलेखचा एक नकाशा पुरे आहे.